लक्ष देणे

लक्ष देणे हा मराठी भाषेतील एक संयुक्त क्रियाप्रयोग आहे. एखाद्या व्यक्तीकडे, वस्तूकडे, बोलण्याकडे किंवा कामाकडे मन, कान व डोळे जाणीवपूर्वक वळविणे, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्याला तसे करण्यास सांगताना 'लक्ष दे', 'लक्ष द्या' किंवा 'लक्ष द्यावे' ही रूपे वापरली जातात. याच हेतूने मराठीत 'ऐका', 'अहो', 'इकडे बघ', 'सावधान', 'खबरदार' असे इतरही शब्द व उद्गार रूढ आहेत. त्यांपैकी कोणता कोणासाठी वापरायचा, हे बोलणारा व ऐकणारा यांचे नाते, वय, प्रसंग आणि प्रदेश यांवर अवलंबून असते.

व्युत्पत्ती

'लक्ष' हा शब्द संस्कृत 'लक्ष्' या धातूशी संबंधित आहे. पाहणे, जाणणे, खूण ओळखणे असे या धातूचे अर्थ आहेत. 'लक्षण', 'लक्षणीय', 'उपलक्ष', 'दुर्लक्ष' हे मराठीतील शब्द याच कुळातील आहेत. 'लक्ष' याचा दुसरा अर्थ शंभर हजार, म्हणजे लाख, असा आहे. रोजच्या मराठीत संख्येसाठी 'लाख' हा तद्भव शब्द वापरला जातो आणि 'लक्ष' हा तत्सम शब्द मुख्यतः अवधान या अर्थाने उरला आहे.

'अवधान' हा शब्द संस्कृत 'धा' (ठेवणे) या धातूला 'अव' हा उपसर्ग लागून तयार झाला आहे. मन एका ठिकाणी ठेवणे, असा त्याचा मूळ आशय आहे. अवधानासह असणारा तो 'सावधान', नसणारा तो 'अनवधान'. 'अनवधानाने चूक झाली' या वाक्यात हा शब्द आजही नेहमी आढळतो. एकाच वेळी अनेक गोष्टींचे भान राखणाऱ्या व्यक्तीस 'अष्टावधानी' म्हणतात.

'खबरदार' व 'हुशार' हे शब्द फारसीमार्गे आले. 'खबर' (मूळ अरबी) बाळगणारा तो खबरदार. मराठीत 'खबरदारी' म्हणजे पूर्वकाळजी असा सौम्य अर्थ राहिला, परंतु सुटा 'खबरदार!' हा उद्गार धमकीचा झाला. 'होशियार', म्हणजे शुद्धीवर वा सावध असलेला, या शब्दापासून 'हुशार' आला आणि मराठीत त्याचा अर्थ बुद्धिमान असा स्थिरावला.

व्याकरण

'लक्ष' हे नपुंसकलिंगी नाम आहे. त्यामुळे कर्ता कोणीही असला तरी भूतकाळात 'मुलाने लक्ष दिले', 'मुलींनी लक्ष दिले' अशी क्रियापदाची नपुंसकलिंगी एकवचनी रूपे येतात. ज्या गोष्टीकडे मन वळवायचे तिला साधारणतः 'कडे' हे शब्दयोगी अव्यय लागते: 'फळ्याकडे लक्ष दे', 'तब्येतीकडे लक्ष द्या'.

दुसऱ्यास लक्ष देण्यास सांगण्याची प्रमुख रूपे पुढीलप्रमाणे आहेत:

- लक्ष दे – आज्ञार्थ, एकवचन. लहान, समवयस्क किंवा जवळच्या व्यक्तीस.
- लक्ष द्या – आज्ञार्थ, अनेकवचन. अनेकांस, तसेच आदराने एका व्यक्तीस.
- लक्ष द्यावे – विध्यर्थ. सूचना, पत्रे व सार्वजनिक निवेदने यांत.
- लक्ष देऊ या – बोलणाराही स्वतःला त्यात सामील करतो.
- लक्ष देशील का, लक्ष द्याल का – प्रश्नाच्या रूपातील विनंती.
- लक्ष दे ना, लक्ष द्या ना – आर्जव किंवा लाडीक तक्रार.

विध्यर्थाचे स्थान विशेष आहे. रेल्वेस्थानकावरील 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' या वाक्यात कर्ता तृतीया विभक्तीत येतो आणि 'तू', 'तुम्ही' हे सर्वनाम टाळले जाते. त्यामुळे थेट हुकूम केल्यासारखे वाटत नाही आणि फलाटावरील लहानथोर सर्वांना एकच वाक्य चालते. सूचनाफलक, निमंत्रणपत्रिका व कार्यालयीन पत्रे यांत हेच रूप पसंत केले जाते.

क्रियापदानुसार अर्थभेद

'लक्ष' या नामाबरोबर येणारे क्रियापद किंवा नामाची विभक्ती बदलली की सांगण्याचा अर्थ बदलतो. मराठी शिकणाऱ्यांची येथे बहुधा गल्लत होते.

- लक्ष देणे – मन वळविणे. 'मी काय सांगतो त्याकडे लक्ष दे.'
- लक्ष ठेवणे – राखण किंवा देखरेख करणे. 'दुधावर लक्ष ठेव.'
- लक्ष घालणे – काम अंगावर घेऊन त्यात पडणे. 'सरपंचांनी पाण्याच्या प्रश्नात लक्ष घातले.'
- लक्ष लागणे – मन आपोआप रमणे किंवा ओढ लागणे. 'तिचे अभ्यासात लक्ष लागत नाही.'
- लक्ष वेधणे – दुसऱ्याचे मन आपल्याकडे किंवा एखाद्या गोष्टीकडे खेचणे.
- लक्षात घेणे – विचारात घेणे.
- लक्षात येणे – उमगणे.
- लक्षात ठेवणे – विसरू न देणे.

'दुधाकडे लक्ष दे' आणि 'दुधावर लक्ष ठेव' या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात आत्ता तिकडे बघण्याची सूचना आहे, तर दुसऱ्यात दूध उतू जाईपर्यंतची जबाबदारी सोपविली आहे. 'लक्षात ठेव' हे वाक्य आठवणीसाठी असते, पण स्वर चढला की तेच धाक दाखविण्यासाठी येते. 'याद राख' याचेही तसेच आहे.

'ऐकणे' या क्रियापदालाही दोन अर्थ आहेत: कानांनी ग्रहण करणे आणि सांगितलेले मानणे. 'मुलगा ऐकत नाही' या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, असा असतो. परंतु वर्गातील एखादे मूल 'ऐकत नाही' असे म्हटले जाते, तेव्हा त्याला खरोखरच कमी ऐकू येत असण्याचीही शक्यता असते. शब्द एकच असल्यामुळे श्रवणदोष खोडकरपणात जमा होऊ शकतो. म्हणून 'ऐकू येत नाही' आणि 'ऐकत नाही' हा भेद शिक्षक व पालक यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

संबोधन व आदर

मराठीत लक्ष वेधण्याची सुरुवात बहुधा संबोधनाने होते. 'अरे' पुरुषास, 'अगं' स्त्रीस आणि 'अहो' आदराने दोघांस वापरले जाते. 'रे', 'गं', 'हो' ही त्यांची रूपे क्रियापदानंतरही येतात: 'ऐक रे', 'ऐक गं', 'ऐका हो'. यांवरूनच बोलण्याच्या दोन रीतींना 'अरे-तुरे करणे' व 'अहो-जाहो करणे' अशी नावे पडली आहेत. समूहास हाक मारताना नामाला 'नो' हा प्रत्यय लागतो (मुलांनो, भगिनींनो), तर भाषणात 'मित्रहो', 'श्रोतेहो' अशी रूपे येतात.

अनोळखी माणसाचे लक्ष वेधताना नात्याचे शब्द उपयोगी पडतात. बाजारात किंवा बसमध्ये 'ओ काका', 'ओ मावशी', 'दादा', 'ताई', 'आजी' अशी हाक मारून मग सांगायचे ते सांगितले जाते. पत्नीने पतीचे नाव न घेण्याची रूढी जेथे पाळली जात असे, तेथे 'अहो' किंवा 'ऐकलं का?' एवढ्यानेच हाक पुरी होत असे.

आदराची ही व्यवस्था सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. वयाने मोठ्या माणसालाही केवळ जातीवरून 'अरे-तुरे' करण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ होती आणि दलित आत्मकथनांतून तिची नोंद झालेली आहे. त्यामुळे 'अरे' की 'अहो' ही निवड व्याकरणापुरती मर्यादित राहत नाही. समोरच्या माणसाची प्रतिष्ठा मानली जाते की नाही, हे तिच्यातून कळते.

वाक्प्रचार व म्हणी

अवधान व अनवधान यांविषयीचे मराठी वाक्प्रचार प्रामुख्याने कान, डोळे व चित्त यांच्याशी निगडित आहेत. 'कान देणे', 'कान टवकारणे', 'जिवाचे कान करणे', 'डोळ्यांत तेल घालून पाहणे' हे लक्ष देण्याविषयीचे आहेत. 'कानाडोळा करणे', 'कानामागे टाकणे', 'या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणे', 'चित्त थाऱ्यावर नसणे' हे त्याच्या उलट अर्थाचे होत. चूक दाखवून स्पष्ट शब्दांत समज देणे म्हणजे 'कानउघाडणी'.

'आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं' ही म्हण कामावर देखरेख नसल्याचा परिणाम सांगते. 'पालथ्या घड्यावर पाणी' ही म्हण सांगितलेले मनात न उतरणाऱ्याविषयी आहे. 'लेकी बोले, सुने लागे' या म्हणीत लक्ष वेधण्याची आडवाटेची रीत दिसते. बोलणे लेकीला उद्देशून असते, पण ते सुनेने ऐकावे अशी अपेक्षा असते. एकत्र कुटुंबात जिला थेट सांगणे अवघड, तिच्यापर्यंत शब्द पोहोचविण्याचा हा मार्ग होता.

धार्मिक व वाङ्मयीन परंपरा

श्रोत्यांकडे अवधान मागणे हा मराठी निरूपणपरंपरेचा एक भाग आहे. इ.स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा प्रारंभ श्रोत्यांना केलेल्या अवधानाच्या विनंतीने होतो. समर्थ रामदासांच्या दासबोधात श्रवणाविषयी स्वतंत्र समास असून, ऐकताना मन भरकटणाऱ्या श्रोत्यांची अवलक्षणेही त्यांनी वर्णन केली आहेत. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनात श्रोत्यांना सतत प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याकडूनच वदवून घेत. श्रोता गप्प बसून राहू नये, त्याचे मन जागे राहावे, हा या पद्धतीचा परिणाम असे.

विवाहविधीत मंगलाष्टकांच्या शेवटी 'शुभमंगल सावधान' असे म्हटले जाते. मुहूर्ताचा क्षण जवळ आल्याची ती सूचना असते. जालना जिल्ह्यातील जांब येथे इ.स. १६०८ मध्ये जन्मलेले नारायण, म्हणजेच रामदास, स्वतःच्या लग्नात 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुरोहिताने शब्द मुहूर्तासाठी उच्चारला होता. ऐकणाऱ्याने तो आपल्या आयुष्यासाठी घेतला, असा या कथेचा आशय आहे.

धाराशिव तालुक्यातील तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव. ज्या तालुक्यात बेंबळी आहे त्याच तालुक्यातील या गावाशी निगडित आख्यायिका लक्षाच्या दुसऱ्या बाजूविषयी आहे. पत्नी पाणी आणण्यास जाताना तान्ह्या मुलाकडे लक्ष ठेवण्यास सांगून गेली. गोरोबा विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवीत होते. रांगत आलेले मूल पायाखाली तुडविले गेले तरी त्यांना भान नव्हते. परतलेल्या पत्नीचा आक्रोश आणि पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळणे, हे कथेचे उर्वरित भाग होत. ही कथा भक्तीची महती सांगण्यासाठी कीर्तनांतून सांगितली जाते. तथापि एका ठिकाणी पूर्ण लागलेले चित्त दुसऱ्या ठिकाणी अनवधान ठरते, हेही तिच्यातून दिसते.

दवंडी

छापील सूचना व ध्वनिवर्धक येण्यापूर्वी गावाचे लक्ष वेधण्याचे साधन दवंडी हे होते. हलगी, डफ किंवा थाळी वाजवून 'ऐका हो ऐका' अशा पुकाऱ्याने निवेदन सुरू होई. शेतसाऱ्याची वसुली, बाजार, लिलाव, रोगाची साथ, नदीचा पूर, अशा बाबी गल्लोगल्ली जाऊन सांगितल्या जात. वाद्याचा आवाज प्रथम, पुकारा नंतर आणि मजकूर शेवटी, हा तिचा क्रम असे. त्यामुळे मजकूर सुरू होण्यापूर्वी लोक कामे थांबवून दारात येत.

दवंडीला कायद्यानेही मान्यता दिली आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २१ नुसार स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या मालमत्तेजवळ दवंडी पिटून किंवा अन्य रूढ पद्धतीने जाहीर करावा लागतो. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही आपल्या जमिनीविषयीची बातमी कळावी, हा त्याचा उपयोग आहे.

दवंडी देण्याचे काम बलुतेदारी पद्धतीत महार व काही ठिकाणी मांग समाजाकडे असे. साऱ्या गावाला 'ऐका' म्हणणाऱ्या माणसाला त्याच गावात समानतेचे स्थान नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ.स. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले. इ.स. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्ध कुटुंबांनी दवंडीसह पारंपरिक गावकामे नाकारली. आज बऱ्याच गावांत हे काम ग्रामपंचायतीचा ध्वनिवर्धक करतो.

शाळा

मराठी शाळांत लक्ष वेधण्याची स्वतंत्र परिभाषा आहे. 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही सूचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कवायतीत 'सावधान' व 'विश्राम' हे हुकूम असतात. 'लक्ष कुठे आहे?' हा प्रश्न उत्तरासाठी विचारला जात नाही. मन भरकटल्याची जाणीव करून देण्यासाठी तो असतो. प्रश्नपत्रिकेत 'उतारा लक्षपूर्वक वाचा' अशी सूचना आढळते.

कान पिळणे, छडी मारणे यांसारखे लक्ष वेधण्याचे जुने उपाय आता कायद्याने निषिद्ध आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार बालकास शारीरिक शिक्षा करण्यास अथवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे.

विधिमंडळ

'लक्षवेधी सूचना' हा विधिमंडळाच्या कामकाजातील पारिभाषिक शब्द आहे. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे सदस्य अध्यक्षांच्या परवानगीने मंत्र्यांचे लक्ष वेधतो आणि मंत्री त्यावर निवेदन करतात. लोकसभेत हे कामकाज नियम १९७ नुसार चालते. महाराष्ट्राच्या विधानसभेत व विधान परिषदेतही ही पद्धत आहे. वृत्तपत्रीय मराठीत 'लक्षवेधी' एवढाच शब्द नाम म्हणून रूढ झाला आहे: 'आमदारांनी लक्षवेधी मांडली.'

मराठवाड्यातील बोली

धाराशिव जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्याने या भागातील मराठीत फारसी-उर्दू शब्दांचा वावर राहिला. बेंबळी व परिसरातील खेड्यांच्या बोलण्यात 'अरे, अगं, अहो' यांची 'आरं, आगं, आवं' अशी रूपे होतात. आज्ञार्थानंतर 'की' जोडून आग्रह व्यक्त केला जातो: 'ऐक की', 'इकडं बघा की'. लातूर-धाराशिव भागात चालू वर्तमानकाळाची 'करलालास' (करतो आहेस) अशी रूपे आढळतात, त्यानुसार मन भरकटलेल्यास 'कुठं बघलालास?' असे विचारले जाते. 'लक्ष' याऐवजी 'ध्यान' हा शब्दही बोलीत चालतो: 'ध्यान दे', 'ध्यानात ठेव'.

इतर भाषांशी तुलना

लक्ष 'दिले' जाते ही कल्पना मराठीच्या शेजारभाषांतही आहे. हिंदीत 'ध्यान देना', गुजरातीत 'ध्यान आपवुं', कोकणीत 'लक्ष दिवप' आणि कन्नडमध्ये 'गमन कोडु' असे प्रयोग होतात. या सर्वांत देणे या अर्थाचे क्रियापद आहे. इंग्रजीत लक्षाची जणू किंमत चुकती केली जाते ('पे अटेन्शन').

स्पॅनिश भाषेत 'प्रेस्तार आतेन्सिओन' असे म्हणतात. 'प्रेस्तार' म्हणजे उसने देणे. लॅटिन अमेरिकेत 'पोनेर आतेन्सिओन', म्हणजे लक्ष ठेवणे वा घालणे, हा प्रयोगही प्रचलित आहे. स्पॅनिशमधील 'आतेन्सिओन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थ 'एखाद्या दिशेने ताणणे' असा आहे. मराठीतील 'दे' व 'द्या' यांप्रमाणे स्पॅनिशमध्ये जवळच्या व्यक्तीस 'प्रेस्ता' आणि आदराने 'प्रेस्ते' असे रूपभेद होतात. 'ओये' (ऐक) व 'ओइगा' (ऐका), तसेच 'मीरा' (बघ) व 'मीरे' (बघा) ही रूपे हाक मारण्यासाठी वापरली जातात. त्यांचे कार्य मराठीतील 'ऐक', 'अहो ऐका', 'हे बघ' यांच्यासारखेच आहे. 'ओखो!' म्हणजे शब्दशः 'डोळा!', परंतु अर्थ 'सांभाळून!' असा होतो. सांगितलेले मानणे यासाठी स्पॅनिशमध्ये 'आसेर कासो' (स्पेनमधील उच्चार 'आथेर कासो') हा वेगळा प्रयोग आहे. मराठीत ज्या ठिकाणी 'ऐकणे' हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते, तेथे स्पॅनिशमध्ये दोन निराळे प्रयोग उपलब्ध आहेत.

लेखनातील चुका

'लक्ष' व 'लक्ष्य' हे शब्द भिन्न आहेत. 'लक्ष' म्हणजे अवधान आणि 'लक्ष्य' म्हणजे नेम धरण्याची वस्तू किंवा उद्दिष्ट. त्यामुळे 'कृपया लक्ष्य द्यावे' हे लेखन अशुद्ध होय. 'या वर्षीचे लक्ष्य पूर्ण झाले' हे शुद्ध आहे. लक्ष दिल्याने लक्ष्य साधते, असे एक वाक्य ध्यानात ठेवल्यास दोन्ही शब्दांतील फरक विद्यार्थ्यांना सहज आठवतो.

हेही पाहा

- आज्ञार्थ
- विध्यर्थ
- संबोधन
- दवंडी
- लक्षवेधी सूचना
- गोरा कुंभार